पश्चिमेची बाल्कनी, गळणारी टोमॅटोची फुलं आणि एप्रिल महिना

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात सातवा मजला, पश्चिमेकडे तोंड असलेली साधारण दहा बाय चारची बाल्कनी, ऊन दुपारी एकनंतर येतं ते थेट मावळेपर्यंत. फेब्रुवारीत ग्रो बॅगा आणून त्यात निव्वळ कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि वर थोडं गांडूळखत घालून टोमॅटो, मिरची आणि पालक लावला. आता एप्रिल चालू आहे, टोमॅटोला फुलं येतात आणि गळतात, मिरचीची पानं आकसलीयेत, पालक वीतभर झाला आणि तुऱ्यावर गेला. आणि शेवटी, "आमच्या बाल्कनीत मुळात भाजी होते का?"

होते हो, नक्की होते. पण तुम्ही जे लावलंय ते ह्या दिशेला ह्या महिन्यात होणार नाही, आणि ते तुमच्या हाताला गुण नाही म्हणून नाही. मी लोकांच्या बाल्कनीत बागा लावून द्यायचं काम बरीच वर्षं करतेय आणि सगळ्यात जास्त हेच बघते की लोक आधी भाजी ठरवतात, मग बॅग घेतात, मग माती, आणि ऊन कुठून किती येतं हे सगळ्यात शेवटी बघतात. खरं तर उलटं पाहिजे. तुमची बाल्कनी कुठल्या बाजूला आहे आणि कॅलेंडरवर कुठला महिना आहे ह्या दोन गोष्टी ठरवतात काय लावायचं ते, आपण फक्त त्यातलं निवडायचं.

आधी टोमॅटो, कारण सगळ्यांचा जीव त्यातच अडकलेला असतो. टोमॅटोला रात्र गार लागते. दिवसा पस्तिशीच्या आसपास आणि रात्री चोवीस-पंचवीसच्या खाली पारा उतरतच नसेल तर परागकण नीट तयार होत नाहीत, फूल फळात जात नाही. जवळून बघा, फुलाच्या देठावर मध्ये एक बारीक गाठ दिसेल, गुडघ्यासारखी, फूल बरोब्बर तिथूनच पिवळं पडून तुटतं. त्याला खत कमी पडलं म्हणून नाही, त्यामुळे कृपा करून आता त्यात अजून काही ओतू नका. ठाण्या-मुंबईत एप्रिल-मेमध्ये रात्र गार होतच नाही. पुण्या-नाशिककडच्या कोणाचा व्हिडिओ बघून आपण लावतो पण तिकडे रात्री पारा उतरतो, आणि परदेशातले व्हिडिओ तर सोडूनच द्या, त्यांचा मार्च म्हणजे आपला मार्च नव्हे.

म्हणून आपल्याकडे टोमॅटोचं बी टाकायचं ते गणपतीच्या आसपास, म्हणजे सप्टेंबरात. २५-३० दिवसांत रोप हाताच्या बोटाएवढं उंच आणि जाडसर होतं, दसऱ्याच्या सुमारास मोठ्या बॅगेत हलवायचं, डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत टोमॅटो खायचे. जात घेताना बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची अर्का रक्षक मिळाली तर बघा, रोगाला बरीच दाद देत नाही, आणि पहिल्यांदाच करताय तर सरळ चेरी टोमॅटो लावा, तो जरा जास्त उष्णता सोसतो आणि फळ लागलं की मनाला उभारी येते. सातव्या मजल्यावर मधमाशी येत नाही अशी काळजी असेल तर टोमॅटो, मिरची, वांगं, भेंडी, चवळी ह्यांचं माशीवाचून फारसं अडत नाही, एकाच फुलात सगळं असतं. टोमॅटोला फक्त सकाळी आठ-दहाच्या दरम्यान फुलांच्या झुपक्याला मागून टिचकी मारायची, बास. आत्ता जी झाडं आहेत ती रोगट नसतील तर ठेवा हवं तर, पण मी असते तर उपटली असती, त्या बॅगा आत्ता दुसऱ्या कामाला लागतील.

आता तुमचं ऊन. पश्चिमेचं ऊन तासांच्या हिशोबाने चांगलं आहे, चार-पाच तास म्हणजे मिरची-वांग्यालाही पुरतं, पण ते दुपारचं, तापलेलं आणि तिरकं असतं. तिरकं हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे कारण लोक पन्नास टक्क्यांची, म्हणजे अर्धं ऊन अडवणारी, हिरवी नेट आणतात आणि छतासारखी वर बांधतात, तुमच्या डोक्यावर तर आधीच वरच्या मजल्याचा स्लॅब आहे, वरून ऊन येतंच कुठे! नेट पडद्यासारखी समोर ग्रिलला उभी सोडायची, खाली-वर करता येईल अशी, मार्च ते मे दुपारी सोडायची आणि जूनमध्ये काढून घडी करून ठेवायची. दुसरं म्हणजे बॅगेची बाजू तापते. काळ्या बॅगेवर चार वाजता हात लावून बघा, मग कळेल आत मुळांचं काय होत असेल. पुढच्या ओळीत पसरट ट्रे नाहीतर लहान कुंड्या ठेवा म्हणजे त्यांची सावली मागच्या बॅगांच्या अंगावर पडते, किंवा सरळ जुनं गोणपाट गुंडाळा, दिसायला बरं नाही दिसत पण काम करतं.

ज्यांची बाल्कनी दक्षिणेला आहे त्यांच्यासाठी जाता जाता, तुमचं गणित पूर्ण वेगळं आहे. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो म्हणून डिसेंबरात ऊन पार खोलीत येतं, आणि मेच्या मध्यानंतर मुंबई-पुण्यात भर दुपारचा सूर्य चक्क थोडा उत्तरेला जातो त्यामुळे तुमच्याकडे सावली. म्हणजे तुमचा सीझन ऑक्टोबर ते मार्च. उत्तरेवाल्यांनी फळभाजीचा नाद सोडून अळू, पुदिना, ओव्याचं पान, गवती चहा ह्यात सुख मानावं, खोटं सांगून तुमचे पैसे बियाण्यात घालवण्यात मला काही मजा नाही.

आता कोकोपीट. निव्वळ कोकोपीटमध्ये झाड लावणं हा सध्याचा फार मोठा घोळ आहे. ते हलकं, स्वच्छ, विटेसारख्या ब्लॉकमध्ये घरपोच येतं, पाच किलोच्या ब्लॉकचं फुगून साठ-सत्तर लिटर होतं, सगळं छान, पण त्यात झाडाला खायला जवळपास काही नसतं. ते पाणी धरून ठेवतं, एवढंच त्याचं काम. शिवाय ते वरून वाळून फिकट दिसतं आणि आत चिंब असतं, आपण रंग बघून परत पाणी घालतो, मुळं गुदमरतात, पानं खालून पिवळी पडायला लागतात, मग आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं आणि अजून एक मग्गा. ब्लॉक भिजवल्यावर दोन-तीनदा पाण्याने धुवून पिळून घ्यायचा असतो कारण त्यात क्षार असतात, हे पाकिटावर लिहिलेलं असतं किंवा नसतं.

तुमच्या बॅगा फेकू नका, सगळं एका ताडपत्रीवर ओता आणि परत भरा. माझं साधारण प्रमाण असं की चार भाग माती, तीन भाग कोकोपीट, तीन भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, आणि एका बॅगेला एक-दोन मुठी निंबोळी पेंड. माती म्हणजे नर्सरीतली लाल माती किंवा पोयटा. देशावरची काळी माती कुंडीत नको, भिजली की फुगते, वाळली की भेगा पडतात आणि घातलेलं पाणी त्या भेगांतून सरळ खाली ट्रेमध्ये. भरताना दाबून दाबून भरू नका, वर दोन इंच जागा सोडा. वजनाची भीती असेल तर मातीचं प्रमाण कमी करून खाली सुकी पानं, नारळाच्या शेंड्या, उसाची चिपाडं असं काही भरा. मुंबईत डॉ. दोशींनी शहरी शेतीचं जे तंत्र लोकांना शिकवलं त्यात उसाची चिपाडं हाच मुख्य माल होता, आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या कँटीनच्या गच्चीवर स्वयंपाकघरातलाच ओला कचरा जिरवून भाज्या आणि फळझाडं केलेली आहेत, म्हणजे माती पोतीच्या पोती वर चढवायलाच पाहिजे असं काही नाही. आणि आत्ता एप्रिल आहे, कोपऱ्यावरचा रसवंतीवाला चिपाडं फुकट देईल, उलट घेऊन गेलात तर आभार मानेल. फक्त आणल्या आणल्या भरू नका, साखर असते त्यात, मुंग्यांची जत्रा भरते. आठवडाभर कडक वाळवा मग तुकडे करून तळाशी घाला. हे कुजतं तसं खाली बसत जातं, तेव्हा दर दोन महिन्यांनी वरून कंपोस्टची भर घालायची.

बॅगेचा आकार म्हणाल तर पालेभाजीला सहा इंच खोली पुरे, मिरचीला बारा-पंधरा लिटर, टोमॅटो-वांग्याला वीस लिटर म्हणजे पेंटचा मोठा डबा धुवून घेतला तरी चालतो, तळाला आणि तळापासून इंचभर वर बाजूलाही भोकं पाडा. वेलाला पंचवीसच्या पुढे. नर्सरीवाला आठ इंची कुंडीत वांगं लावून देतो ते विकण्यासाठी असतं, पिकवण्यासाठी नाही.

मिरची. पानं आकसली म्हटलं की सगळे "व्हायरस आहे, उपटा" म्हणतात, तेवढी घाई नको. आधी पान कुठल्या बाजूला वळलंय ते बघा. कडा वर वळून पान होडीसारखं झालं असेल तर फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स, आणि कडा खाली वळून पान उलटी होडी झालं असेल, देठ लांबट झाला असेल तर कोळी, म्हणजे माइट्स. खात्री करायची तर एक पांढरा कागद घ्या, मिरचीचा शेंडा आणि एखादं फूल त्यावर हळूच झटका, आणि डोळे जवळ नेऊन बघा. थ्रिप्स असतील तर पेन्सिलीने काढलेल्या अगदी बारीक पिवळट रेघा कागदावर चालायला लागतात. कोळी साध्या डोळ्यांना दिसणं अवघड, त्याला भिंग लागतं. फोनचा कॅमेरा झूम करूनही कधी कधी जमतं.

उपाय दोन्हीला सुरुवातीला एकच. एक लिटर कोमट पाणी, तीन ते पाच मिली कडुलिंबाचं तेल, एक मिली भांड्याचं लिक्विड. आधी तेल आणि साबण एकत्र घोटून घ्यायचं आणि मग पाणी, नाहीतर तेल वर तरंगत राहतं आणि तेवढीच पानं जळतात. संध्याकाळी ऊन गेल्यावर पानाच्या खालच्या बाजूने मारायचं, खालच्या बाजूने, कारण किडा तिथेच असतो. दर पाच-सहा दिवसांनी, तीन वेळा तरी. तुमच्या पश्चिमेच्या बाल्कनीत भर उन्हात तेल मारलंत तर पानं तळून निघतील. आकसलेली जुनी पानं सरळ होणार नाहीत, त्यांच्याकडे बघून हताश होऊ नका, नवा शेंडा कसा येतो ते बघा. नवा शेंडा सपाट आला की जिंकलात. आणि फवारणीच्या आधी सगळ्यात आकसलेले शेंडे खुडून पिशवीत बांधून कचऱ्यात, कुंडीत नाही. निळे चिकट कार्ड थ्रिप्सला, पिवळे पांढऱ्या माशीला, दोन-दोन लटकवून ठेवा. एवढं करूनही नवी पानं पिवळी-हिरवी चट्ट्यापट्ट्यांची आणि बारीकच येत राहिली तर मग मात्र तो व्हायरसच, मग काढून टाका, बाजूच्या झाडांच्या जीवावर त्याला जगवू नका. मिरची एकदा सावरली तर वर्ष-दीड वर्ष देत राहते, चार माणसांच्या घराला तीन-चार झाडं रोजच्या फोडणीपुरती पुरतात.

पालक तुऱ्यावर गेला तो उष्णता आणि लांबलेल्या दिवसांमुळे, त्याचा मोसम थंडीचा. कोथिंबिरीचंही तसंच. आत्ता उन्हाळ्यात पाल्यासाठी लाल माठ, राजगिरा, चवळी टाका. माठ-राजगिऱ्याचं बी फार बारीक असतं, मूठभर कोरड्या वाळूत मिसळून विखरायचं म्हणजे एकाच जागी गठ्ठा पडत नाही. तीन-चार आठवड्यांत पहिला खुडा. मेथी करायची हौस असेल तर पूर्ण वाढवायच्या भानगडीत पडू नका, आपल्याकडे बाजारात समुद्रमेथीच्या त्या इवल्याशा जुड्या येतात ना पांढऱ्या मुळांच्या, वाळूतली मेथी म्हणतात बघा, तशी करा. पसरट ट्रेमध्ये चार इंच वाळू-मातीचं मिश्रण, किराण्यातलेच मेथीदाणे रात्रभर भिजवून दाट पेरा, सावलीत ठेवा, दहा-बारा दिवसांत मुळासकट उपटून धुवून कांद्यावर परता. उन्हाळ्यातही येते, कारण तुऱ्यावर जाण्याएवढी आपण तिला मोठीच होऊ देत नाही.

आणि आता मायाळू. माझं ऐकाल तर तुमच्या बाल्कनीची भाजी ही आहे. दमट हवा, उष्णता, पाऊस, अर्धवट सावली, तिला कशाचंच वावडं नाही, किडीचाही फार त्रास नाही, ग्रिलवर चढते आणि तुमचं तिरकं ऊन स्वतःच अडवून मागच्या झाडांना सावली देते. बी कशाला, भाजीवालीकडून जुडी आणा, पानांची भजी करा आणि जाडसर काड्या दोन पेरांपर्यंत मातीत खोचा. आठ-दहा दिवसांत पेराशी कोंब दिसतो. लोकांना भाव नाही तिचा, सगळ्यांना ब्रोकोली लावायची असते.

पावसाळ्याचं वेगळं सांगावं लागेल कारण तुमच्याकडे पाऊस समोरून आत येणार, आपला पाऊस येतोच नैऋत्येकडून. सतत धुऊन धुऊन मातीतलं खत ट्रेमधून वाहून जातं, म्हणून जून ते सप्टेंबर एकदम भरपूर खत न घालता दर पंधरा दिवसांनी मूठभर. ह्या दिवसांत वेल लावा, काकडी, दोडका, कारलं, राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या फुले शुभांगी, हिमांगी ह्या काकडीच्या जाती चांगल्या आहेत. वेलांना मात्र फळ धरायला मधमाशी लागते, नर आणि मादी फूल वेगळं असतं, मादी फुलाच्या मागे बोटभर छोटं फळ असतंच, नराच्या मागे नुसता देठ. सातव्या मजल्यावर माशी नसली तर आपणच नराचं फूल तोडून पाकळ्या मागे दुमडून मादीच्या मधोमध टेकवायचं. ह्यात एक गंमत आहे जी फार कमी लोक सांगतात. काकडी, कारलं, घोसाळी ह्यांची फुलं सकाळी उमलतात, आणि दोडका, दुधी संध्याकाळी. म्हणून नोकरीवाल्यांना मी दोडका सुचवते, साडेसहा-सातला लोकलमधून घरी येऊन पर्स ठेवली की फुलं ताजी उमललेली सापडतात. दुधीला जागा फार लागते, तुमच्या दहा फुटांत तो बाकी कोणाला जगू देणार नाही. अंबाडी आणि अळूही ह्याच दिवसांत. अळूला बादलीला भोक एखादंच असलं तरी चालतं, ओल आवडते त्याला, पण फदफद्याचं अळू कुठलं आणि वडीचं कुठलं हे विचारून कंद आणा.

पाणी कधी घालायचं ह्याला टाइमटेबल नसतं. बोट दोन पेरांपर्यंत आत घाला, ओलं लागलं तर आज नाही. बॅग एका बाजूने किंचित उचलून बघायची सवय लागली की वजनावरूनच कळतं. एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडे सकाळी एकदा भरपूर, खालून थेंब पडेपर्यंत, आणि दुपारी तीनला पानं माना टाकून बसली म्हणून घाबरून पाणी ओतू नका, संध्याकाळी सातला परत बघा, आपोआप उभी राहिलेली असली तर ती उन्हाची मरगळ होती. नसली तरच पाणी. वर सुकी पानं किंवा नारळाच्या शेंड्यांचा दोन इंच थर द्या. टँकरचं किंवा बोअरचं पाणी असेल तर मातीवर, बॅगेच्या कडेला पांढरा थर धरतो, ते क्षार. पावसात बॅगा दोन दिवस पुढे सरकवून चांगल्या धुऊ द्या, जातं ते.

खतांवरून भांडणं होतात, मला त्यात पडायचं नाही. मी मुख्यतः कंपोस्ट आणि निंबोळी पेंडच वापरते, पण वीस लिटरच्या डब्यातलं फळधरलेलं झाड नुसत्या घरच्या कंपोस्टवर कधी कधी अडतं, तेव्हा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं रासायनिक खत एक लिटरला एक-दीड ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा दिलं तर आकाश कोसळत नाही. केळीच्या सालांचं पाणी, अंड्याची टरफलं, तांदळाचं धुवण ह्यातलं काहीही घातक नाही आणि कशानेही चमत्कार होत नाही, ते सगळं कंपोस्टच्या डब्यात टाका. चहाचा चोथा दूध-साखर धुऊन मगच. शेण-गोमूत्राचं जीवामृत उत्तम असतं पण बाल्कनी बेडरूमला लागून असेल तर वासाचा विचार आधी करा, घरच्यांचा पाठिंबा हे पण एक खतच आहे.

आणि खालच्या मजल्याचं विसरू नका. प्रत्येक बॅगेखाली ट्रे, ट्रेखाली विटांचे तुकडे किंवा फरशीच्या पट्ट्या, म्हणजे खालून हवा खेळते आणि लादी काळी पडत नाही. ट्रेमधलं पाणी अर्ध्या तासाने ओतून टाका, डासही होतात त्यात. कठड्यावर कुंडी कधीही ठेवू नका, वाऱ्याच्या दिवसांत तर अजिबातच नाही, आणि जड डबे कडेला न ठेवता घराच्या भिंतीच्या बाजूला.

तर आत्ता ह्या रविवारी बॅगा रिकाम्या करून मिश्रण परत भरा, एकीत लाल माठ, ट्रेमध्ये मेथी, ग्रिलजवळच्या दोनमध्ये मायाळूच्या काड्या, मिरचीला पहिली फवारणी. मिरचीचा शेंडा कागदावर झटकून जे काही चालताना दिसेल त्याचा जवळून फोटो काढून पाठवा, थ्रिप्स आहेत की नुसती धूळ ते मी सांगते.